नाग्याचा संताप कोणावर?

गो. नी. दांडेकर यांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट १९७७ साली आला. ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या भूमिका, आणि सोबत राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेले निळू फुले, असा तो योग होता. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्याला मिळाले. या घटनेस आता जवळजवळ अर्धे शतक होत आले. त्यातील गाणी आजही घरोघरी ऐकली जातात. मात्र गाण्यांच्या या लोकप्रियतेत कथेच्या गाभ्याशी असलेला एक प्रश्न मागे पडला. कथानायक नाग्या ज्याच्यावर एवढी निष्ठा ठेवतो, त्याच्यावरच एवढा संतापतो. हे का घडते? हा प्रश्न केवळ साहित्यरसिकांचा नाही. पनवेलहून पेणकडे आणि पुढे रोह्याकडे जाताना डोंगराच्या कुशीत ज्या ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या लागतात, त्यांच्या आजच्या जिण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. कर्नाळ्याच्या सुळक्याखालील ठाकरवाडीत भगताच्या पोटी नाग्या जन्माला येतो. ढोल वाजवण्यात तो वाकबगार आहे. निर्मळ राहणाऱ्या, पाप न करणाऱ्या माणसाला देव प्रसन्न होतो, तो ‘पुण्यवंत’ ठरतो, ही कल्पना त्याने बापाकडून लहानपणीच घेतलेली आहे आणि तीवर त्याचा पूर्ण विश्वास आहे. एके दिवशी राणीमाशी त्याच्या डोळ्याला डसते आणि डोळा जातो. आपले पाप कोणते, हा प्रश्न त्याला पोखरू लागतो. उत्तर मिळत नाही, तेव्हा श्रद्धेचे रूपांतर वैरात होते. ज्या लिंगोबाच्या डोंगरावर त्याची भक्ती होती त्याच डोंगरावरची सगळी पोळी उतरवण्याची प्रतिज्ञा तो करतो. नको असलेल्या नवऱ्याचे घर सोडून आलेली चिंधी त्याच्यावर जीव लावते आणि त्याच्या प्रतिज्ञेत सहभागी होते. अखेर सुळका जिंकला जातो. परंतु माश्यांच्या हल्ल्यात चिंधी प्राणाला मुकते. जैत म्हणजे विजय. तो मिळतो त्या क्षणी विजयात वाटेकरी असणारे माणूस उरलेले नसते.

या कथेचा रूढ अर्थ असा लावला जातो, की नाग्याचे बंड हे दैवाविरुद्ध मानवाने उभारलेले बंड आहे. अग्नी चोरून आणणाऱ्या ग्रीक पुराणातील प्रॉमीथ्यूसच्या पंक्तीत त्याला बसवण्याचा मोहही होतो. हा अर्थ चुकीचा आहे असे नाही. मात्र तो अपुरा आहे. दैवाशी झगडणाऱ्या माणसाचे कौतुक करताना, त्याच्या आयुष्यात झगडण्यासाठी दैवाखेरीज दुसरे कोणी उरलेच नव्हते काय, हे विचारायला हवे. नाग्याला शाळा नाही, सभा नाही, पक्ष नाही, वृत्तपत्र नाही. त्याच्या जगात एक वाडी, एक डोंगर, एक देव आणि एक बाप आहे. अशा जगात वाढलेल्या माणसाचे प्रेम आणि वैर ही दोन्ही एकाच दारी जाऊन उभी राहतात, कारण दुसरे दार त्याने पाहिलेलेच नसते.

एकच दोर

एकाकी वाढणे म्हणजे माणसांपासून दूर वाढणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नाग्या माणसांत वाढला. वाडीतील जीवन तर शहरी चाळीहून अधिक सामूहिक असते. नाच एकत्र, शिकार एकत्र, लग्नकार्य एकत्र. तेव्हा एकाकीपणाचा अर्थ वेगळा घ्यावा लागतो. ज्याच्या जगण्याची प्रत्येक गरज एकाच दोराला बांधलेली असते, तो एकाकी होय. त्याला धनको एक, मालक एक, खरेदीदार एक आणि देवही एक. शहरातला गरीब एका दुकानदाराने उधार नाकारली तर दुसऱ्याकडे जातो. वाडीतला माणूस उपाशी झोपतो किंवा त्याच दुकानदाराच्या पाया पडतो.

अर्थशास्त्रात एकमेव विक्रेत्याची मक्तेदारी सर्वांना परिचित आहे. एकमेव खरेदीदाराची मक्तेदारी तितकीच घातक असते. श्रम विकणाऱ्याला तर अधिकच. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली निर्गम, आवाज आणि निष्ठा या तीन संकल्पनांवर एक ग्रंथ लिहिला. संस्था बिघडली तर माणूस एक तर ती सोडून जातो, नाही तर तिच्यात राहून आवाज उठवतो. या दोहोंमधला तोल निष्ठेमुळे ठरतो, असा त्याचा सिद्धान्त. त्यातील एक सूक्ष्म मुद्दा येथे फार उपयोगी आहे. सोडून जाण्याची वाट मोकळी असूनही जो राहतो, त्याच्याच राहण्याला निष्ठा म्हणणे सार्थ होते. ज्याला वाटच नाही त्याचे राहणे हा नाइलाज असतो, मग बाहेरून तो कितीही भक्तीसारखा दिसो.

या कसोटीवर नाग्या आणि चिंधी यांची तुलना करून पाहावी. चिंधीने एकदा घर सोडले आहे. बायकोला काडीमोड घेऊन दुसरे घर करता येण्याची रीत ठाकर समाजाने ठेवली आहे. पांढरपेशा समाजातील कित्येक बायकांना कायदा होईपर्यंत ती मुभा नव्हती. चिंधीला दार उघडता येते. म्हणून नाग्याच्या दारी येऊन ती जी निष्ठा वाहते ती निवडलेली आहे. नाग्याची डोंगरावरील निष्ठा निवडलेली नाही. ती त्याला बापाकडून आणि वाडीकडून वारशाने मिळाली. निवडलेली निष्ठा दुखावली गेली तर माणूस रडतो, भांडतो, निघून जातो. न निवडलेली निष्ठा दुखावली गेली, की त्याच्या पायाखालची सबंध जमीनच सरकते. नाग्याच्या संतापाचे प्रचंडपण येथून आले आहे. डंख एका माशीचा होता. पण त्या डंखाने त्याचे सगळे विश्व खोटे ठरवले. आणि कथेची शोकांतिका अशी, की चिंधीची निवडलेली निष्ठा नाग्याच्या न निवडलेल्या वैरापायी खर्ची पडते. आदिवासी घरांत, आणि कामगार वस्त्यांतही, पुरुषाच्या दिशाहीन रागाची किंमत बाई चुकवते, हे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

डोंगर आणि बाजार

आता दुसरा प्रश्न. हा डोंगर खरोखरीच जगापासून तुटलेला होता काय? पेण आणि रोहे यांचा आर्थिक इतिहास पाहिला तर उत्तर नकारार्थी येते. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे १९८१ च्या आरंभी रायगड असे नामकरण झाले. पण मुंबईची कोठी ही त्याची भूमिका नाव बदलण्यापूर्वीही होती आणि नंतरही राहिली. येथील डोंगरांतून मुंबईला इमारती लाकूड गेले, सरपण गेले, कोळसा गेला. खाडीकाठच्या आगरांतून मीठ गेले. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. त्यांचा कातही बाजारातच गेला. कुंडलिकेच्या उगमाकडील भिऱ्याच्या वीजगृहातून १९२७ पासून मुंबईच्या गिरण्यांना आणि घरांना वीज गेली. त्या विजेसाठी घाटावर ज्यांची गावे बुडत होती त्यांच्यासाठी सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह लढवला. विजेच्या तारा डोंगर ओलांडून गेल्या आणि डोंगरातल्या वाड्या पुढे कित्येक दशके अंधारात राहिल्या.

तात्पर्य, बाजार डोंगरात केव्हाच पोचला होता. डोंगर मात्र बाजारात पोचला नव्हता. वस्तू खाली उतरत होत्या, पण भाव, बातमी, कायदा आणि अक्षर वर चढत नव्हते. लाकडाचा मुंबईतील भाव ठेकेदाराला ठाऊक होता, तोडणाऱ्याला नव्हता. वनकायद्याची कलमे रक्षकाला ठाऊक होती. डोंगरउतारावर झाडाच्या फांद्या छाटून, जाळून, त्या राखेत नाचणी-वरई पेरणाऱ्या दळीधारकाला फक्त दंड ठाऊक होता. हे एकाकीपण निसर्गाने निर्माण केलेले नाही. अडवलेल्या माहितीचे ते फळ आहे, आणि ज्यांनी माहिती अडवली त्यांना त्यापासून नियमित उत्पन्न मिळत आले.

या व्यवस्थेत वाडीतल्या मुलाच्या मनाची घडण कशी होते ते पाहण्यासारखे आहे. ज्या शक्तींमुळे घरात भाकरी कमी आहे त्या शक्ती त्याला दिसत नाहीत. ठेकेदाराचा ठेकेदार मुंबईत असतो, कायदा इंग्रजीत असतो, व्याज सावकाराच्या वहीत असते. दिसतो तो डोंगर, पाऊस, साप, मधमाशी. दिसतो तो बाप, जो म्हणतो की आपल्या हातून काही पाप झाले असले पाहिजे. दुःखाचे कारण शोधणारी बुद्धी, जे दिसते त्यातच कारण शोधते. नाग्या मूर्ख नाही. उलट वाडीत तोच एक असा आहे, जो ‘का’ म्हणून विचारतो. त्याची बुद्धी प्रखर आहे, पण तिच्यापुढे ठेवलेला पुरावा अपुरा आहे. म्हणून त्याच्या निष्ठेला आणि संतापाला मिळालेला पत्ता चुकतो.

उचल आणि उपकार

कादंबरीतील नाग्याचा मालक कोणी वीटभट्टीवाला नव्हता. आजच्या नाग्याचा असतो. पेण आणि रोहे तालुक्यांतील कातकरी कुटुंबांचे वर्ष कसे जाते हे तेथील कोणाही कार्यकर्त्यास ठाऊक आहे. पावसाळ्याच्या अखेरीस धान्य संपते. सण येतात, आजारपण येते. अशा वेळी भट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जाते. दर हजार विटांमागे ठरलेला, खर्ची आठवड्याची, आणि हिशेब पावसाच्या तोंडी. तो हिशेब मालकाच्या वहीत असतो. फिटले असे मालकाने म्हटले तर फिटले. राहिले म्हटले तर पुढील वर्षी पुन्हा तीच भट्टी. मुले आईबापांबरोबर जातात. ऐन शाळेच्या महिन्यांत ती विटा उलटवतात, धाकट्यांना सांभाळतात.

अशा मुलाचे बालपण नाग्याच्या बालपणाहून अधिक एकाकी आहे. नाग्याला निदान वाडी होती, ढोल होता, कथा सांगणारा बाप होता. भट्टीवरच्या मुलाला झोपडीपलीकडे मातीचे ढीग आणि मालकाची गाडी दिसते. त्याच्या निष्ठेचा धागा कोठे जोडला जाईल? ज्याने पावसाळ्यात तांदूळ दिले, दवाखान्यात नेले, त्याच्याशी. भट्टीवाल्याविषयी मजूर कृतज्ञतेने बोलतात हे पाहून पुष्कळ सुशिक्षितांना आश्चर्य वाटते, काहींना रागही येतो. त्यात आश्चर्याचे काही नाही. ज्या अडचणीत शासन, पतसंस्था, बँक यांपैकी कोणीही आले नाही, त्या अडचणीत तो आला. त्याने दिलेल्या पैशाची किंमत त्याने श्रमाच्या रूपाने अनेक पटींनी वसूल केली हे खरे. पण ती वसुली वहीत दिसते, आणि वही वाचता येत नाही. उपकार मात्र डोळ्यांना दिसतो.

हीच गोष्ट घराच्या जागेची. अनेक कातकरवाड्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर वसलेल्या आहेत, तिचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. गावठाण मंजूर नाही. झोपडी आपली, जमीन त्याची. जागा खाली करा असे कोणी म्हणत नाही तोवर सगळे गोडीने चालते. मात्र या गोडीचे भाडे दिले जाते. मालकाच्या शेतावर बोलावले की जायचे, निवडणुकीत सांगतील तेथे शिक्का किंवा बटण दाबायचे, साक्षीला उभे राहायचे नाही. जमिनीचे दर चढू लागले, रस्ते रुंद झाले, शेतघरांची मागणी वाढली, की या निष्ठेचे मोल एका दिवसात शून्य होते.

आणि संताप? तोही असतोच. फक्त तो भट्टीवर चालून जात नाही. तो दारूच्या गुत्त्यात उतरतो, बायकोवर निघतो, शेजारच्या वाडीशी भांडणात संपतो, करणी केली म्हणून कुणा म्हातारीवर संशय घेतो. बाहेरचे लोक याला जातीचा स्वभाव म्हणतात. आळशी, व्यसनी, भांडखोर ही विशेषणे किती सहजपणे वापरली जातात! स्वभाव म्हणून ज्याची संभावना होते तो वस्तुतः पत्ता हरवलेला संताप असतो.

चिरनेरचा नाग्या

या विवेचनावर कोणी म्हणेल, की माणूस जेथे वाढला तेथेच अडकून राहतो असा हा नियतिवाद झाला. तसे नाही, आणि त्याचा पुरावा कर्नाळ्याच्या सुळक्यावरून दिसेल एवढ्या अंतरावर आहे. सुळक्याच्या पश्चिमेस, आजच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात जे हुतात्मे झाले त्यांत एकाचे नाव नाग्या महादू कातकरी असे आहे. कादंबरीतील नाग्या आणि हा नाग्या यांच्यात नामसाम्यापलीकडे नाते जोडण्याचे कारण नाही. पण दोघांना शेजारी उभे केल्यास विचार स्पष्ट होतो. दोघांचे जंगल तेच, दारिद्र्य तेच, अक्षरशत्रुत्व बहुधा तेच. एकाचा संताप मधमाशीवर गेला. दुसऱ्याचा संताप, जंगलावर बंदी घालणाऱ्या सत्तेवर गेला. फरक माणसाच्या धैर्यात नव्हता. सुळका चढणाऱ्याचे धैर्य कोणापेक्षा कमी? फरक इतकाच की चिरनेरला १९३० साली बातमी पोचली होती. सविनय कायदेभंग म्हणजे काय, हे सांगणारी माणसे गावात आली होती, आणि आगरी, कोळी, कातकरी एका रानात कोयते घेऊन एकत्र उभे राहिले होते. संतापाला सोबती मिळाले आणि पत्ता मिळाला.

चरीचा संपही हेच शिकवतो. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची शेते न कसण्याचा निर्णय झाला आणि तो संप सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पाठबळ त्याला लाभले. खोतावर अवलंबून असलेले कूळ पिढ्यान्‌पिढ्या खोताशी निष्ठावंत होते. त्याच्या वाड्यावर राबत होते. ही कुळे एका रात्रीत कृतघ्न झाली नाहीत. त्यांना खोताखेरीज दुसरा आधार मिळाला, आणि तो आधार म्हणजे ती स्वतः परस्परांची झाली. उपासमार सोसून सहा वर्षे टिकलेली ही निष्ठा निवडलेली होती, म्हणून टिकली.

पेण तालुक्यानेच याचे आणखी एक उदाहरण दिले आहे. विनोबा भाव्यांचा जन्म १८९५ साली याच तालुक्यातील गागोदे या डोंगरकुशीतल्या गावी झाला. आजोबांच्या छायेत बालपणाची पहिली वर्षे त्यांनी तेथेच काढली आणि पुढे ते बडोद्यास गेले. १९१६ साली शालेय प्रमाणपत्रे अग्नीत टाकून ते घराबाहेर पडले आणि गांधीजींकडे गेले. त्यांच्या पुढील भूमिकांशी, विशेषतः आणीबाणीच्या काळातील भूमिकेशी, समाजवाद्यांचे तीव्र मतभेद झाले. तो विषय येथे नाही. येथे एवढेच पाहायचे, की प्रमाणपत्रे जाळण्यासाठी ती प्रथम हाती यावी लागतात. गागोद्याच्या त्या मुलाला घरी विद्या होती, गावाबाहेर बडोदे होते, बडोद्याबाहेर काशी होती. त्याला आपला गुरू निवडता आला. त्याच काळी गागोद्याच्या आसपासच्या वाड्यांत जी मुले जन्मली त्यांतही तेवढ्याच धगीची असतील. त्यांची धग कोठे गेली याची नोंद कोणी ठेवली नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप साहित्यिकांचा. कादंबरीत जे नाही ते तिच्यावर लादू नये. दांडेकरांना शोषणाची कथा सांगायची नव्हती, निसर्ग आणि श्रद्धा यांतल्या माणसाची सांगायची होती. हे मान्य करावे. लेखकाने पायाखाली घातलेल्या वाटांतून आणि ठाकरांच्या बोलीवरील प्रेमातून ती कादंबरी आली आहे. तिला प्रचारपुस्तिका करणे हा तिच्यावर अन्याय होईल. परंतु चांगल्या कलाकृतीत लेखकाच्या हेतूपेक्षा अधिक सत्य उतरते. वाडीत वाढलेल्या मनाची निष्ठा आणि संताप यांचा पीळ दांडेकरांनी इतका अचूक टिपला, की त्यामागील समाजरचना वाचकाला आपोआप दिसावी. ती पाहायचीच नाही असा आग्रह धरला, तर नाग्या हा शहरी प्रेक्षकाच्या करमणुकीसाठी नाचणारा एक देखणा रानवट माणूस उरेल. महामार्गावरून मोटारीने जाताना सुळक्याकडे बोट दाखवून गाणे गुणगुणणे आणि सुळक्याखालच्या वाडीत आज पाणी आहे काय हे न विचारणे, ही त्या कलाकृतीची कदर नव्हे.

दुसरा आक्षेप विकासवाद्यांचा. आता एकाकीपण उरले कोठे, असे ते विचारतात. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत झाली, कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू झाली आणि १९९८ पासून सबंध मार्गावर धावू लागली, वाडीतल्या तरुणाच्या हाती मोबाइल आला. हे सर्व खरे आहे. तथापि रस्ता आणि पर्याय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रस्ता आला म्हणून मुकादम लवकर पोचतो. मोबाइल आला म्हणून उचल घेतलेला मजूर दुसऱ्या भट्टीवर गेला तर लवकर सापडतो. ज्याच्या हाती जमिनीचा कागद नाही, हिशेबाची वही नाही, पाचवीच्या पुढचे शिक्षण नाही, त्याच्यासाठी मोठे झालेले जग हे त्याच एका दोराची लांबी वाढल्यासारखे आहे. २००८ साली महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या विरोधात पेण तालुक्यातील शेतकरी उभे राहिले, २१ सप्टेंबरला जिल्हा प्रशासनाने त्यांचे मत अजमावले आणि नकाराचा आवाज सर्वांना ऐकू आला. तो लढा अभिमानास्पद आहे. परंतु भूसंपादनास नकार देण्यासाठी नावावर भू असावी लागते. वाडीला तोही आवाज नाही.

पर्याय देणारे समाजकारण

मग करायचे काय? नाग्याला उपदेश करून त्याचा देव सोडवण्याचा उद्योग पुरोगाम्यांनी पुष्कळ केला आणि तो फसला. दुसरा आधार दिल्याशिवाय पहिला आधार सोडा म्हणणे हे क्रौर्य आहे. निष्ठेला निवडीचे आणि संतापाला आवाजाचे रूप यावे असे वाटत असेल तर एका दोराचे अनेक दोर केले पाहिजेत. त्यासाठी नवे कायदे मागण्याचीही फारशी गरज नाही. जे आहेत ते वाडीपर्यंत चढले पाहिजेत.

पहिली गोष्ट जमिनीची. वाडीखालची जागा गावठाण म्हणून मंजूर होऊन घराचा उतारा स्त्री-पुरुष दोघांच्या नावे झाला, तर उपकाराचे भाडे त्या दिवशी थांबेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्क मान्य केला आहे; गौण वनोपजात मध आणि मेण यांची नावे घेऊन त्यांवरील मालकी वनवासी समाजाला दिली आहे. ज्या पोळ्यांपायी नाग्याने डोळा गमावला त्या पोळ्यांना कायद्याने असा धनी दिला. दाव्यांच्या फायली मात्र कचेरीत पडून राहतात.

दुसरी गोष्ट उचलीची. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्या पंधराव्या कलमाने सावकारावर टाकली आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे ही घटनेने निषिद्ध केलेली सक्ती होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाड कामगारांच्या खटल्यात सांगितले. तरीही प्रत्येक मजुराच्या हाती त्याच्या भाषेत उचलीचा आणि थापलेल्या विटांचा लेखी हिशेब असावा, ही साधी अट पाळली जात नाही. पावसाळ्यात वेळेवर मिळणारे खावटी धान्य आणि रोजगार हमीचे काम ही मुकादमाला दिलेली सर्वांत परिणामकारक स्पर्धा आहे. मजुराला दुसरा देणारा मिळाला, की पहिल्याचा दर सुधारतो. यात क्रांती नाही, प्राथमिक अर्थशास्त्र आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शाळेची. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, आणि त्याच वेळी कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत ‘समायोजित’ करण्याचे धोरण महाराष्ट्रात वारंवार पुढे येते. वाडीची शाळा पटावरच असते लहान. पंधरा मुलांसाठी शिक्षक परवडत नाही हा हिशेब करताना, तो शिक्षक नसण्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची? ओढा ओलांडून सहा वर्षांचे मूल पलीकडल्या गावी जाणार नाही. ते भट्टीवर जाईल. कातकऱ्यांचा समावेश महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो आणि २०२३ साली अशा गटांसाठी केंद्राने स्वतंत्र अभियानही घोषित केले. घरकुले बांधली जावीत, पाणी यावे. पण घरकुलाशेजारची शाळा बंद करून हा समाज मुख्य प्रवाहात कसा येणार? आश्रमशाळा हा त्यावरचा पुरेसा उतारा नाही. मुलाला वाडीपासून तोडून चार भिंतींत वाढवणे म्हणजे एका एकाकीपणाच्या जागी दुसरे आणणे होय. मूल संध्याकाळी घरी परत येईल आणि दिवसा त्याला वाडीबाहेरचे जग वाचता येईल, अशी शाळाच त्याला दोन दारे देऊ शकते.

या तिन्ही गोष्टी शासनाने कराव्यात ही मागणी रास्त आहे. परंतु चिरनेरला आणि चरीला शासन आले नव्हते. माणसे गेली होती. पेण आणि रोह्याच्या डोंगरांत काही संघटना चिकाटीने काम करीत आल्या आहेत. त्यांना मनुष्यबळ हवे, कागद वाचणारे आणि अर्ज लिहिणारे हात हवेत. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, वकील यांनी आठवड्यातील एक दिवस एका वाडीला दिला, उचलीचा हिशेब मजुराच्या वहीत उतरवून दिला, वनहक्काच्या दाव्याचा पाठपुरावा केला, तर पक्षाच्या अनेक ठरावांपेक्षा ते काम मोठे ठरेल. अशा वाडीत वाढलेल्या नाग्याला राग येणार नाही असे नाही. तो येईल, आणि यावाच. तेव्हा तो कोणावर धरायचा हे त्याला ठाऊक असेल, आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या चिंधीला त्यासाठी जीव द्यावा लागणार नाही.